देवळालीचा ताप : दोन ब्रिटिश विनोदी मालिका आणि एक मराठी गाव

१/ जालन्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी मनमाडला मुख्य मार्गाला मिळते, नाशिक रोड मागे टाकते आणि काही मिनिटांतच देवळालीचे स्थानक येते. खिडकीशी बसलेल्या किती प्रवाशांना ठाऊक असेल, की या स्थानकाचे नाव इंग्रजी शब्दकोशात आहे? तेथे त्याचे रूप ‘डूलॅली’ असे आहे आणि अर्थ आहे ‘डोके फिरलेला’. हे नाव इंग्लंडात नेले गोऱ्या सैनिकांनी. पुढे १९७४ साली बीबीसीने याच गावाच्या छावणीत घडणारी एक विनोदी मालिका सुरू केली. इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा धागा त्या मालिकेविषयी आणि तिच्याहून अधिक भाग्यवान ठरलेल्या तिच्या थोरल्या बहिणीविषयी आहे.

२/ दोन्ही मालिका एकाच जोडीने लिहिल्या : जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. दोन्हींचा विषय दुसरे महायुद्ध. त्या युद्धात दोघांनीही गणवेश घातला होता. दोन्ही मालिकांना ऐन भरात दीड कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले. पहिली ‘डॅड्स आर्मी’. तिचे ८० भाग १९६८ ते १९७७ या काळात झाले आणि आजही ब्रिटनमध्ये ती पुन्हा पुन्हा दाखवली जाते. आजोबांच्या शेजारी बसून नातवंडे हसतात. दुसरी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, म्हणजे ‘आई गं, काय हा उकाडा!’. तिचे ५६ भाग १९७४ ते १९८१ या काळात झाले आणि मग बीबीसीने तिला जणू कपाटात ठेवून दिले. लेखक तेच, युद्ध तेच, लेखणीही तीच. मग एकीला चिरयौवन आणि दुसरीला अडगळ, असे का व्हावे?

३/ आधी थोरलीकडे वळू. मे १९४०. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या होत्या. १४ मे रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केले : १७ ते ६५ या वयाच्या ज्या पुरुषांना नियमित सैन्यात जाता येत नाही, त्यांनी स्थानिक संरक्षणासाठी नावे द्यावीत. काही दिवसांतच अडीच लाखांवर नावे आली. जुलैमध्ये या दलाला ‘होम गार्ड’ हे नाव मिळाले आणि पुढे त्याची संख्या सुमारे १७ लाखांवर गेली. दिवसा दुकान, बँक किंवा शेत सांभाळायचे आणि रात्री किनाऱ्यावर पहारा द्यायचा, असा हा क्रम डिसेंबर १९४४ पर्यंत चालला. कर्तव्यावर असताना बाराशेहून अधिक जणांनी प्राण गमावले.

४/ डंकर्कहून सैन्य सुटून आले, पण त्याची अवजड शस्त्रसामग्री फ्रान्सच्या भूमीवरच राहिली. त्यामुळे होम गार्डच्या वाट्याला आरंभी शिकारीच्या बंदुका आणि दंडुकेच आले. १९४१ साली तर युद्धखात्याने पोलादी नळीच्या टोकाला संगीन वेल्ड करून अडीच लाख भाले बनवण्याची मागणी नोंदवली. जालना एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एका पाळीत ढीग लागावा, असे ते काम! रणगाड्यांच्या युगात हाती भाला आलेल्या गृहस्थाने हसावे की रडावे? ‘डॅड्स आर्मी’चा विनोद याच विसंगतीतून उगवलेला आहे. लेखकांना तो दुरून आणावा लागला नाही. पेरी स्वतः किशोरवयात वॉटफर्डच्या होम गार्डमध्ये होते.

५/ मालिकेतले गाव काल्पनिक आहे : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे वॉल्मिंग्टन-ऑन-सी. बँकेचे व्यवस्थापक मेनवेअरिंग स्वतःच कॅप्टन होऊन बसतात. बँकेत त्यांच्या हाताखाली असणारे विल्सन येथे सार्जंट आहेत. खाटीक असलेले म्हातारे जोन्स सुदानच्या जुन्या लढाईच्या गोष्टी सांगून सर्वांना हैराण करतात. सर्वांत धाकटा पाईक. त्याला पहाऱ्यावर पाठवताना त्याची आई गळ्याला मफलर गुंडाळते. पाईकमध्ये पेरींनी आपलेच तरुणपण रेखाटले होते. या प्रत्येक पात्राला घर आहे, धंदा आहे, नात्यागोत्याची माणसे आहेत. ही बाब ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

६/ मालिकेचे खरे इंजिन मात्र भाल्यांत नाही, ते कॅप्टन आणि सार्जंट यांच्या नात्यात आहे. मेनवेअरिंग कष्टाने वर आलेले, साध्या शाळेत शिकलेले. विल्सन खानदानी, उंची शाळेत वाढलेले, आळसावलेले आणि नम्र. हुद्दा एकाकडे, रुबाब दुसऱ्याकडे. ज्यांनी कारखान्यातले मॉक ड्रिल पाहिले आहे त्यांना हे लगेच उमगेल. शिट्टी हाती आलेले साहेब त्या अर्ध्या तासापुरते सेनापती होतात, आणि ज्याला आगीचा सिलिंडर खरोखर चालवता येतो तो मागच्या रांगेत निमूटपणे उभा असतो. ब्रिटनमधील वर्गभेदाचे हे दर्शन आपल्याला परके वाटत नाही, याचे कारण खुर्ची आणि लायकी यांतील अंतर जगात सर्वत्र सारखेच आहे.

७/ १९६८ साली बीबीसीतील काही वरिष्ठांना धास्ती होती, की राष्ट्राच्या सर्वांत अभिमानास्पद काळाची ही थट्टा ठरेल. तसे झाले नाही. मालिका मेनवेअरिंग यांच्या बडेजावावर, भित्रेपणाच्या सोंगांवर, कागदी घोड्यांवर मनसोक्त हसते. परंतु शत्रू खरोखर आला तर हा ठेंगणा बँकवाला वाटेत उभा राहील, याविषयी ती कधीही शंका ठेवत नाही. १९७७ मधील शेवटच्या भागात पात्रे पेले उंचावून होम गार्डला मानवंदना देतात, आणि नऊ वर्षे हसलेला प्रेक्षक गंभीर होतो. अधिकाराची थट्टा आणि धैर्याचा आदर या दोन गोष्टी एकत्र नांदल्या, म्हणून ही मालिका टिकली.

८/ येथे मराठवाड्याच्या वाचकांसाठी एक उपकथा. १९४० च्या उन्हाळ्यात, ज्या दक्षिण किनाऱ्यावर असे मेनवेअरिंग पहारा देत होते, त्याच्या डोक्यावरच्या आकाशात रॉयल एअर फोर्सची १५२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी लढत होती. तिचा तळ डॉर्सेटमधील वॉर्मवेल येथे होता आणि तिचे नाव होते ‘हैदराबाद स्क्वाड्रन’. निजामाने दिलेल्या देणगीवरून ते नाव पडले. तिच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार म्हणजे पगडी होती आणि ब्रीदवाक्याचा अर्थ होता ‘विश्वासू मित्र’. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या तिजोरीत मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा साराही जात होता. पुढे हीच तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. ‘एकाकी ब्रिटन’ ही १९४० ची लाडकी प्रतिमा आहे; या पगडीसमोर ती तितकीशी खरी राहत नाही.

९/ आता धाकटीकडे, म्हणजे देवळालीकडे वळू. १८६१ साली येथे इंग्रजांनी संक्रमण छावणी उभारली. बोटीतून मुंबईला उतरलेला गोरा शिपाई येथे येई आणि येथूनच देशभर जाई. मुदत संपलेला शिपाईही परतीच्या बोटीसाठी येथेच थांबे. परंतु सैन्याच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळातच सुटत. हंगाम चुकला की महिनोन्महिने छावणीत पडून राहावे लागे : काम नाही, लढाई नाही, घरही नाही. उकाडा, मद्य, जुगार, आजार आणि कंटाळा. जुना शिपाई फ्रँक रिचर्ड्स याने १९३६ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या आठवणींत या अवस्थेचे वर्णन केले आहे.

१०/ अशा शिपायाचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, की सोबती म्हणत : याला ‘डूलॅली टॅप’ झाला. यातील ‘टॅप’ म्हणजे काय, हे इंग्रजी वाचकाला तळटीप देऊन सांगावे लागते. मराठी वाचकाला त्याची गरज नाही. तो आपला रोजचा ‘ताप’ आहे. देवळालीचा ताप! पुढे ‘ताप’ गळून पडला आणि नुसते गावाचे नाव वेडाचा पर्याय होऊन राहिले. विचार करा : पिढ्यान्पिढ्या शेती करणाऱ्या, लग्नकार्ये आणि सणवार करणाऱ्या एका गावाचे नाव, तेथे नाइलाजाने अडकलेल्या पाहुण्यांच्या मनःस्थितीवरून जगभर ओळखले जाऊ लागले. गावकऱ्यांना कोणी विचारलेही नाही.

११/ पेरी याच देवळालीत, रॉयल आर्टिलरीच्या डेपोतील कन्सर्ट पार्टीत होते. सैनिकांच्या करमणुकीसाठी सैनिकांनीच नाचगाणी आणि नकला करायच्या, असे ते पथक. क्रॉफ्ट पुण्याला करमणूक अधिकारी होते. दुसरी मालिका या अनुभवांतून जन्मली. काळ १९४५, जर्मनी शरण आलेला, जपानशी युद्ध अजून सुरू. तोफखान्याचे हे कलावंत आघाडीवर जायचे टाळण्यासाठी धडपडतात आणि धिप्पाड सार्जंट मेजर विल्यम्स त्यांना जंगलात पाठवण्यासाठी टपून बसलेला असतो. पुढच्या भागांत पथक ब्रह्मदेशात जाते. चित्रीकरण मात्र सारे इंग्लंडात झाले. पडद्यावरच्या देवळालीत देवळालीची मातीसुद्धा नव्हती.

१२/ या मालिकेत खरे काय आहे? गोऱ्या शिपायाची घरओढ खरी आहे. युद्ध संपल्यावरही बोट मिळेना, तेव्हा जानेवारी १९४६ मध्ये कराचीपासून सुरुवात होऊन भारतातील आणि आसपासच्या अनेक तळांवर रॉयल एअर फोर्सच्या गोऱ्या हवाई सैनिकांनी चक्क काम बंद ठेवले. त्यांची मुख्य मागणी एकच होती : आम्हाला घरी पाठवा. एमआयडीसीच्या भट्ट्यांवर राबणारा, छठच्या तिकिटाची वाट पाहणारा बिहारचा कामगार ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ही तगमग समजायला इतिहासाचे पुस्तक नको. मालिकेतील शिपाई भित्रे आणि ढोंगी आहेत, तरी त्यांच्याविषयी माया वाटते ती यामुळेच.

१३/ दुसरा प्रश्न स्त्रीवेशाचा. पथकात बाया नाहीत, म्हणून पुरुषच स्त्रीभूमिका करतात आणि सार्जंट मेजर त्यावरून त्यांना सतत हिणवतो. मराठी प्रेक्षकाची नजर येथे आपोआप वेगळी होते. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांचा शालू नेसण्याचा थाट स्त्रियांनी अनुकरला, तिला पुरुषाच्या स्त्रीवेशात हसण्यासारखे काही नव्हते. मात्र फार ऐटीत राहू नये. ‘नटरंग’ ज्यांनी वाचली वा पाहिली आहे त्यांना नाच्या झालेल्या गुणाची विटंबना आठवत असेल. टाळ्याही आपल्याच आणि टोमणेही आपलेच. सार्जंट मेजर देवळालीच्या छावणीतच राहतो असे नाही. तो आपल्या गावच्या पारावरही बसलेला असतो.

१४/ मालिका अडगळीत गेली त्याचे सर्वांना ठाऊक असलेले कारण म्हणजे रंगी राम. हा भारतीय बेअरर साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. बचाव करणारे सांगतात, की बेट्स यांचा जन्म १९२० साली झाशीचा. ते उर्दू उत्तम बोलत आणि ब्रह्मदेशात गुरख्यांसोबत लढले होते. हे सारे खरे आहे. चहावाला आणि पंख्याची दोरी ओढणारा या भूमिका दक्षिण आशियाई नटांनीच केल्या, हेही खरे. हा दोरीवाला कोपऱ्यात बसून साहेबांविषयी तोंडातल्या तोंडात जे शेरे मारतो, ते मालिकेतील सर्वांत शहाणे बोल असतात. तरीही केवळ रंग पुसून प्रश्न मिटला असता का? मला तसे वाटत नाही.

१५/ आता पाचव्या भागातील गोष्ट आठवा. पाईकला आई आहे, जोन्सना दुकान आहे, मेनवेअरिंग यांना बँक आहे. रंगी रामला काय आहे? त्याला गाव नाही, शेत नाही, सुखदुःखाची चिंता नाही. त्याची एकच हौस : आपणही इंग्रजच आहोत असे मानणे, आणि हाच त्याच्यावरचा मुख्य विनोद. ‘डॅड्स आर्मी’त विनोद खुर्चीवरच्या माणसाकडे वळतो. देवळालीतही तो सार्जंट मेजर आणि अधिकाऱ्यांकडे वळतो, पण मग खाली उतरून नोकराच्या स्वामिभक्तीवर येऊन थांबतो. ज्याला स्वतःची इच्छाच दिलेली नाही, अशा पात्राला पाहून हसता येते. त्याच्यासोबत हसता येत नाही.

१६/ त्या वर्षांतला खरा महाराष्ट्र काय करीत होता? १९४२ पासून १९४५ पर्यंत काँग्रेसचे वरिष्ठ नेते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदी होते. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे होते. इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये प्राण देऊन, तर नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. म्हणजे त्याच काळात मराठी माणूस साम्राज्यासाठी लढत होता आणि साम्राज्याविरुद्धही लढत होता. कधीकधी एकाच घरातला एक भाऊ इकडे तर दुसरा तिकडे असणेही अशक्य नव्हते. विनोदी मालिकेला यापेक्षा सकस कच्चा माल कोणता? तो लेखकांच्या दाराशी होता. त्यांना तो दिसला नाही, कारण छावणीच्या तारांबाहेर त्यांची नजरच गेली नाही.

१७/ मग ही मालिका कपाटातच ठेवावी काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसे म्हणू नये. फक्त ती कशाचे साधन आहे, हे नीट ठरवावे. १९४५ च्या देवळालीविषयी ती थोडेच सांगते. १९७४ च्या ब्रिटनविषयी मात्र पुष्कळ सांगते. १९६८ साली इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले होते. १९७२ साली युगांडातून हाकललेले सुमारे २८ हजार आशियाई ब्रिटनमध्ये आले होते. शेजारच्या घरात खरा भारतीय राहायला येत असताना, दिवाणखान्यातल्या पडद्यावर साहेबांवर जीव टाकणारा भारतीय पाहून कोट्यवधी लोक सुखावत होते. साम्राज्य गेल्याची हळहळ हसण्याच्या आवाजात दडलेली असते. ती ऐकू येण्यासाठी मालिका पाहावीच लागते.

१८/ हे केवळ देवळालीपुरते नाही. जालन्यातही एके काळी इंग्रजांची छावणी होती. १९२७ साली माझो द ला रोश या कॅनेडियन लेखिकेची ‘जालना’ नावाची कादंबरी आली आणि तिच्या यशानंतर त्या मालेत पुढे १५ कादंबऱ्या झाल्या. त्यातले ‘जालना’ हे कॅनडातील एका श्रीमंत कुटुंबाच्या वाड्याचे नाव आहे. कुटुंबाचा मूळ पुरुष आमच्या छावणीत अधिकारी होता, म्हणून त्याने ते ठेवले, अशी कल्पना. लक्षावधी वाचकांनी ‘जालना’ हा शब्द उच्चारला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कुंडलिका नदी, मोसंबीच्या बागा वा मराठी माणूस कधी उभा राहिला नाही. एक गाव वेडाचा पर्याय झाले, दुसरे परक्या वाड्याची पाटी.

१९/ यावर रुसून बसण्यात अर्थ नाही. पेरी आणि क्रॉफ्ट यांनी स्वतः पाहिलेल्या होम गार्डविषयी लिहिले, तेव्हा माणसे आतून ओळखीची होती, म्हणून ‘डॅड्स आर्मी’ टिकली. देवळालीत त्यांना फक्त आपलीच माणसे ओळखीची होती. छावणीला भाकरी, दूध, धोबी, न्हावी, हमाल पुरवणाऱ्या गावाची गोष्ट त्या गावाला ठाऊक असलेल्यानेच लिहिली पाहिजे. साहेबाच्या बडेजावाला गावाने ठेवलेली टोपणनावे, त्याच्या मोडक्या मराठीच्या नकला, पगार झाल्यावर भरणारा बाजार : हा आपला ‘डॅड्स आर्मी’ अजून कोणी लिहिलेला नाही, आणि तो आठवणारी पिढी नव्वदीच्या पुढे गेली आहे.

२०/ म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कोणाचे आजोबा-पणजोबा त्या युद्धात गेले असतील, किंवा नाशिक-देवळाली, पुणे, अहमदनगर येथील छावणीत कामाला असतील, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जा. पदकाचा, पेन्शनच्या कागदाचा फोटो काढा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विचारा : तेव्हा तुम्ही कशावर हसायचा? उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि शक्य असेल तर या धाग्याखाली लिहा. लढायांच्या तारखा दप्तरखान्यात सापडतात. हसण्याचे कारण मात्र माणसासोबतच जाते.